वहीची मागची पानं : दोन बहिणींचं एक प्रकरण

हे प्रकरण धाकटीच्या परवानगीने लिहिते आहे. परवानगी देताना तिने एकच अट घातली, "काकू, ताईची बाजूही लिहा." ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दोघी बहिणींना मी इथे थोरली आणि धाकटी एवढंच म्हणणार आहे. चर्चच्या मंडळीत समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करते. क्षमेवर उपदेश पुष्कळ ऐकले, स्वतःही पुष्कळ बोलले. पण क्षमा कुठे चुकते आणि मग कशी होते, हे मला या दोघींमुळे दिसलं. चुकण्याच्या भागात माझाही वाटा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दफनाची संध्याकाळ

आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं धाकटीने केलं. थोरली दुसऱ्या गावी, नोकरीत अडकलेली. फोन रोज यायचा, पण त्यात विचारपूस कमी आणि उलटतपासणी जास्त. गोळी किती वाजता दिली, उशीर का झाला, डॉक्टरांना हे विचारलंस का, ते का नाही विचारलंस. धाकटीने औषधांची एक वही घातली होती, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, गोळीचं नाव आणि पुढे बरोबरची खूण. रात्री दोनला द्यायची गोळी असेल तर तिथे दोनच लिहिलेले असायचे, कधी अक्षर झोपेने वाकडं झालेलं.

दफनविधी आटोपून माणसं घरी बसली होती. तेव्हा थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "औषधं वेळेवर मिळाली असती तर आई आज असती. शेवटच्या रात्रीसुद्धा ही झोपली होती." कुणी काही बोललं नाही. धाकटी उठून आत गेली.

पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) तिच्यामागे गेले, मीही गेले. त्यांनी इफिसकरांच्या पत्रातलं वचन सांगितलं, की सूर्य मावळेपर्यंत राग मनात ठेवू नये. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कर गं क्षमा, मोकळी होशील." आम्हा दोघांचाही हेतू वाईट नव्हता. घरातून प्रेत नुकतंच उठलेलं, बहिणी-बहिणींत तेढ राहू नये, इतकंच डोक्यात होतं. दहा मिनिटांनी धाकटी बाहेर आली आणि थोरलीसमोर उभी राहून म्हणाली, "ताई, मी तुला माफ केलं."

थोरली म्हणाली, "मला? कशाबद्दल?"

आम्हाला तो उद्धटपणा वाटला. आज वाटतं, त्या संध्याकाळी तेवढा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

त्यानंतरची सहा वर्षं

वरवर सगळं ठीक होतं. सणावाराला फोन व्हायचे. कुणी विचारलं तर धाकटी सांगायची, "मी तर तेव्हाच माफ केलंय." पण थोरलीचं नाव निघालं की ती हातातलं काम सोडून भलतंच काम हाती घ्यायची. थोरली येणार असं कळलं की दोन दिवस आधीपासून डोकं धरायचं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली: येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीला ती गप्प व्हायची. सगळी मंडळी एका सुरात म्हणत असते, त्यात एकीचा आवाज थांबलेला कुणाला कळणार?

ती ओळ आपल्या मराठी पवित्र शास्त्रात अशी आहे : "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." बोलताना आपण 'अपराधांची क्षमा' म्हणतो, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्द ऋणाचे आहेत. क्षमा करणे या अर्थाचं मूळ ग्रीक क्रियापदही सोडून देणे, जाऊ देणे अशाच अर्थाचं, कर्ज सोडतानाही तेच वापरायचे.

धाकटी माझ्याकडे आली ती थोरलीविषयी बोलायला आलीच नव्हती. "काकू, माझा विश्वास कमी पडतोय का? एकदा क्षमा केली तर मग हे परत परत वर का येतं?" असं तिने विचारलं. त्यावर काय सांगावं ते मला लगेच सुचलं नाही. म्हणून आम्ही मत्तयाचा अठरावा अध्याय उघडला. निर्दय चाकराचा दाखला, शेकडो वेळा वाचलेला. त्या दिवशी मात्र पहिल्याच वाक्यावर मी अडखळले. तो राजा क्षमेने सुरुवात करत नाही. तो आधी दासांकडून हिशेब घ्यायला बसतो. चाकर समोर आणला जातो, आकडा मोठ्याने सांगितला जातो, आणि मगच ऋण सुटतं.

आम्ही धाकटीकडून हिशेबाशिवाय ऋण सोडवून घेतलं होतं. किती, कसलं, हे तिने कधी मांडलंच नव्हतं. मग ती सोडणार काय?

त्या दाखल्यातले आकडे बघण्यासारखे आहेत. चाकराचं राजाकडे ऋण दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही तेव्हाची मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. ज्याला हे सुटलं तो बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो, शंभर दिनारांसाठी. उपदेशात आपण दुसरा आकडा नेहमी क्षुल्लक म्हणून उडवून लावतो. पण शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, जवळजवळ चार महिन्यांची कमाई. ज्याची ती बुडाली त्याच्यासाठी ती थोडी नाही. येशू असं कुठे म्हणत नाही की सोबत्याचं कर्ज खोटं होतं किंवा नगण्य होतं. धाकटीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली. तिच्यावर झालेला अन्याय खरा होता, असं तिला सहा वर्षांत कुणी म्हटलंच नव्हतं.

मागची पानं

मी तिला लिहायला सांगितलं. काय काय झालं ते, विशेषणं न लावता. ती पुढच्या वेळी आली तेव्हा हातात तीच निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पुढून औषधं, आणि वही उलटी करून मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब. एकूण ११ नोंदी होत्या. "तीन वर्षांत एकदाही, तू थकली असशील, असं म्हणाली नाही." "मी औषध चुकवलं असं लोकांसमोर म्हणाली. हे खोटं आहे." "मामांना फोन करून तेच सांगितलं." अशा. तिने त्या मोठ्याने वाचल्या, मी ऐकल्या. एकाही नोंदीवर मी "अगं, तिचा तसा हेतू नसेल" असं म्हटलं नाही. तोंडावर आलं होतं, गिळलं.

इथे एक शंका कुणीही घेईल, मलाही आली. प्रेषित पौल तर करिंथकरांना पत्रात लिहितो की प्रीती अपकार स्मरत नाही. मूळ शब्दही हिशेब ठेवण्याचा आहे. मग अपकारांची वही कशाला? माझं मत असं बनलं : हिशेब ठेवणं आणि हिशेब मिटवायला एकदा मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकटी सहा वर्षं मनात हिशेब ठेवतच होती, फक्त न बघता. कागदावर आला तेव्हा कुठे तो मिटवण्याजोगा झाला.

पुढे काही आठवडे ती एकेक नोंद घेऊन प्रार्थनेला बसायची आणि जमेल त्या दिवशी पुढे एक शब्द लिहायची : सोडलं. खाली तारीख. काही नोंदी पटकन गेल्या. मामांच्या फोनची तीनदा लिहून खोडलेली दिसली. त्याच अठराव्या अध्यायात शिष्य पेत्राने येशूला विचारलं, भावाला क्षमा किती वेळा करावी, सात वेळा का? येशूने सांगितलं, साताच्या सत्तर वेळा. मी हा आकडा नेहमी नव्यानव्या अपराधांचा समजत आले होते. वहीतली ती खाडाखोड पाहिल्यावर वाटलं, एकाच अपराधाची क्षमाही तितक्या वेळा करावी लागत असेल.

एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, क्षमेचा अभ्यास करणारे. १९९६ च्या नववर्षदिनी त्यांना आपल्या आईच्या खुनाची बातमी कळली. ते निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा असा फरक करतात. सूड घेणार नाही, माणसासारखं वागवीन, हा निर्णय एका क्षणात होऊ शकतो. भावना बदलायला वेळ लागतो, आणि ती मागे राहिली म्हणून निर्णय खोटा ठरत नाही. धाकटीला याचा फार आधार वाटला. डोकं दुखतंय म्हणजे मी ढोंगी आहे, असं ती समजत होती.

दहा नोंदींपुढे तारीख पडली. अकरावी तशीच राहिली. "शेवटच्या रात्री मी झोपले होते असं म्हणाली."

मी चार महिने काही विचारलं नाही. मग एके दिवशी तीच म्हणाली, "काकू, ते खरं आहे. मी झोपले होते. पहाटे तीनच्या सुमाराला डोळा लागला, उठले तेव्हा आई गेली होती." वहीचं पुढचं शेवटचं पान तिने उघडून दाखवलं. रात्री दोनच्या गोळीपुढे खूण होती. म्हणजे औषध चुकलं नव्हतं. पण ती झोपली होती, आणि थोरलीने नेमक्या त्याच जागी बोट ठेवलं होतं. धाकटी सहा वर्षं थोरलीला माफ करू शकत नव्हती याचं मूळ इथे होतं. या ओळीतला राग थोरलीवरचा नव्हताच. त्या दिवशी आम्ही थोरलीसाठी प्रार्थना केली नाही. तीन वर्षं जागलेली एक बाई एका पहाटे झोपली, हे देवापुढे ठेवलं. अकराव्या नोंदीपुढे तारीख पडायला त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

थोरलीची बाजू

वडील गेले तेव्हा थोरली १९ वर्षांची होती. शिक्षण सोडून ती नोकरीला लागली आणि धाकटीचं शिक्षण तिच्या पगारावर झालं. घर तिच्या धाकात चालायचं, कारण दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. आईच्या आजारपणात ती येऊ शकली नाही. येऊ शकत नाही म्हणून फोन, फोनवर काही हातात नाही म्हणून जाब विचारणं. मला वाटतं, दफनाच्या संध्याकाळी तिला कुणीतरी दोषी हवं होतं, नाहीतर तिथे नसलेली ती स्वतःच दोषी ठरत होती.

हे सगळं समजून घेणं म्हणजे प्रीतीचाच भाग आहे. वधस्तंभावरून येशू बापाला म्हणाला की ते काय करतात हे त्यांना समजत नाही. पण त्याच वाक्यात आधी "क्षमा कर" आहे, हे विसरू नये. समजलं नाही म्हणून अपराध नव्हताच, असं असतं तर क्षमा मागायचं कारण उरलं नसतं. थोरलीचं दुःख समजल्यावर धाकटी काही दिवस म्हणायला लागली होती, "जाऊ दे, तिचं काही चुकलंच नाही." मी तिला थांबवलं. कारण सापडलं म्हणून खोटं खरं होत नाही.

हाडाच्या निमित्ताने

थोरली घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण महिनाभर तरी हाताशी माणूस हवं होतं. मुलगा लांब. तिने धाकटीला फोन केला नाही, मुलाने केला.

धाकटी गेली, आणि जाण्याआधी तिने काही गोष्टी ठरवल्या. आठवड्याचे दोन दिवस, सकाळी ते संध्याकाळी. रात्री राहायचं नाही. आईच्या आजारपणावरून टोमणा आला की एकदा सांगायचं, "ताई, या विषयावर मी भांडणार नाही," आणि पुन्हा आला तर काम संपवून त्या दिवशी निघायचं. मंडळीतल्या एक-दोघींना हे खटकलं. प्रेम असं मोजूनमापून करतात का, असा त्यांचा सूर. मी धाकटीच्या बाजूची आहे. रोमकरांस पत्रात पौल 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' शांतीने राहा म्हणतो. दुसऱ्याच्या हातातलं तो तुमच्याकडून मागत नाही. आणि उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाचं काय? त्याला २० रुप्यांना विकणारे भाऊ पुढे मिसरात त्याच्यासमोर आले तेव्हा तो आडोशाला जाऊन रडला, पण ओळख दिली नाही. भावांपैकी शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवला, आणि बन्यामिनाच्या जागी दास व्हायला भाऊ यहूदा स्वतः पुढे आला तेव्हाच योसेफाला हुंदका आवरेना. प्रेम आधीपासून होतं. भरवसा पारखून ठेवला.

(ही मर्यादा जिथे मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तिथे फारच वेगळी असते. तिथे आधी दूर होणं, तक्रार करणं, कायद्याची मदत घेणं. क्षमेच्या नावाखाली कुणालाही त्या घरात परत पाठवू नये. हे प्रकरण त्या जातीचं नव्हतं.)

थोरली बदलली नाही. उशी अशी का ठेवलीस, पाणी इतकं गरम का, पट्टा घट्ट बांधलास. पहिल्या दोन आठवड्यांत धाकटी दोनदा दुपारीच निघून आली. घरी परतताना बसमध्ये ती थोरलीसाठी प्रार्थना करायची. सुरुवातीला शब्द सुचायचे नाहीत, तेव्हा नुसतं नाव घ्यायची. निंदा करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे, पण काय म्हणावं ते तिथे लिहिलेलं नाही. माझ्या अनुभवात नुसतं नाव घेणं पुरतं.

तिसऱ्या आठवड्यात ती बोलली. कुणी नसताना, दोघीच. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात आहे की भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून दोष दाखव. सहा वर्षांत तिने हे मला सांगितलं होतं, नवऱ्याला, मैत्रिणीला. थोरलीला कधीच नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येते त्याच्या आदल्याच वचनात त्याचा दोष त्याला दाखवायला सांगितलंय.

थोरलीच्या पायाला तेल लावता लावता ती म्हणाली, "ताई, आईची औषधं मी चुकवली असं तू लोकांत म्हणालीस. ते खोटं होतं. मी ते सोडून दिलंय, परत काढणार नाही. पण ते खोटं होतं."

थोरली म्हणाली, "सोडलंस तर बोलतेस कशाला?" आणि भिंतीकडे तोंड केलं. धाकटीने दुसऱ्या पायालाही तेल लावलं, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि संध्याकाळपर्यंत राहिली. रात्री मला फोन करून म्हणाली, "काकू, तिने माफी मागितली नाही. पण माझं डोकं दुखत नाहीये."

समेट झाला का, असं मला विचारतात. नाही झाला. क्षमा एका बाजूने होते, समेटाला दोघं लागतात. योसेफाचा बाप याकोब मिसरात १७ वर्षं राहिला, आणि तो वारल्यावर योसेफाचे भाऊ परत घाबरले की आता हा सूड घेणार. म्हणजे १७ वर्षं त्याचं अन्न खाऊनही त्यांना ती क्षमा खरी वाटली नव्हती. त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला, असं उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात आहे. दिलेली क्षमा घेतली न जाणं हेही दुःखच, आणि धाकटीला ते आहे.

थोरली आता काठी घेऊन चालते. धाकटी महिन्यातून दोनदा जाते. प्रार्थनेतली ती ओळ ती म्हणते. मी मुद्दाम शेजारी बसून ऐकली.

दोन महिन्यांपूर्वी थोरलीने अचानक विचारलं, "आईची औषधांची वही आहे का गं तुझ्याकडे?" का, ते सांगितलं नाही. धाकटी घरी आली, वही उलटी केली, आणि अकरा नोंदींची पानं पट्टी लावून एकेक करून फाडली. बाकी वही, पहिल्या दिवसापासून रात्री दोनच्या त्या शेवटच्या खुणेपर्यंत, तिने पुढच्या खेपेला थोरलीच्या हातात दिली. थोरलीने ती उशीखाली ठेवली.

त्यावर अजून ती काही बोललेली नाही. वही परत केलेली नाही, आणि धाकटीने मागितलेली नाही.